मसुद्यावर बांधायचं नाही

हमीदचाचांकडून मला आलेलं पहिलं पत्र एका ओळीचं होतं. ‘हा फाँट कुणाचा आहे, आणि त्याचा कागद कुठे आहे?’ खाली गाव आणि वार: म्हसळा, मंगळवार. ई-मेलवर दिवस, वेळ सगळं आपोआप उमटतं हे त्यांना ठाऊक होतं. पण जे आपोआप उमटतं त्याची जबाबदारी कुणाचीच नसते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते प्रत्येक पत्राखाली गाव आणि वार हाताने लिहीत.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. न्हावा शेव्याजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत प्रोग्रामर म्हणून नुकतीच चिकटले होते. घर उरणजवळ, आजोबा मिठागरात राबले, वडिलांनी ट्रक घेतला, आणि मी कंटेनर कुठे अडकलाय ते सांगणारा प्रोग्राम लिहीत होते. सुट्टीच्या दिवशी मात्र मी ‘गलबत’वर काम करायचे. गलबत हा आमचा ब्राउझर, म्हणजे इंटरनेटवरची पानं उघडून दाखवणारा प्रोग्राम. मोठ्या कंपन्यांचे ब्राउझर जुन्या कॉम्प्युटरवर धापा टाकतात. गलबत आठ-दहा वर्षं जुन्या मशिनवरही सुरळीत चालायचं आणि मराठी अक्षरं नीट दाखवायचं. ते मुक्त सॉफ्टवेअर होतं. त्याचा कोड कुणीही पाहावा, बदलावा, कॉपी करून वाटावा. मालक कुणी नाही, पगार कुणाला नाही. आम्ही सातआठ जण होतो, काही इकडचे, काही परदेशातले. शाळा, वाचनालयं, मच्छीमार सोसायट्या अशा ठिकाणी ते वापरलं जाई.

त्यात मी एक देखणा मराठी फाँट घातला होता. नेटवर सापडला, उतरवून घेतला. सगळ्यांनी वाहवा केली आणि हमीद हळदे नावाच्या कुणा माणसाने परवानगीचा कागद मागितला. मी चिडून उत्तर पाठवलं, ‘नेटवर फुकट आहे.’ त्यांनी लगेच लिहिलं, ‘फुकट दिसतो आणि फुकट दिला, यात फरक आहे.’

पुढचे तीन आठवडे काहीच झालं नाही. मग एक दिवस त्यांनी सगळ्यांना एका पत्राचा फोटो पाठवला. तो फाँट ज्यांनी काढला होता त्या वयस्कर गृहस्थांचा पत्ता शोधून चाचांनी त्यांना पोस्टाने पत्र घातलं होतं. त्या गृहस्थांनी दोन पानी उत्तरात आनंदाने परवानगी दिली होती. शिवाय ‘तुमच्याकडे आहे त्यात जोडाक्षरं चुकलेली आहेत, सुधारलेली प्रत सोबत पाठवतो’ असंही लिहिलं होतं. तो फाँट आजही गलबतमध्ये आहे. चाचांनी मला फोन केला, तो पहिलाच.

“बाय, राग गेला का? विचारलं की लोक देतात. न विचारता घेतलं की त्याच वस्तूला चोरी म्हणतात. एवढंच हाय.”

त्यांना प्रोग्राम लिहिता येत नव्हता. वाचता मात्र येई, तोही असा की माझी धडधड वाढावी. आखाती देशात त्यांनी सव्वीस वर्षं एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात काढली. इंजिनियर नव्हे, नकाशे सांभाळणारे. कुठला नकाशा कधी आला, कुणाकडे गेला, कुठला रद्द झाला, याची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. परत आल्यावर गावातल्या वाचनालयाचे कॉम्प्युटर बंद पडलेले पाहिले, कुणीतरी त्यावर गलबत घालून दिलं, आणि हा प्रोग्राम फुकट कसा याचा शोध घेता घेता ते आमच्यापर्यंत पोचले. आमच्याकडे लिहिणारे पुष्कळ होते. कागद सांभाळणारं कुणी नव्हतं. ते काम त्यांनी न मागता उचललं.

मी पहिल्यांदा म्हसळ्याला गेले तेव्हा जुबेदाचाचींनी सांदणं आणि कोंबडीचा रस्सा केला होता. जेवताना चाचा प्रोग्रामबद्दल अक्षरही बोलले नाहीत. बोलू देतही नसत. हात धुतल्यावर वरच्या खोलीत नेलं. लोखंडी कपाट, त्यात ओळीने फायली, प्रत्येकीवर हिरव्या शाईतलं नाव. माझ्या नावाचीही एक होती. त्यात एकच कागद कमी होता, आणि तो मी आणून द्यावा असा त्यांचा हुकूम होता: मी घरी सुट्टीत जे लिहिते त्यावर माझ्या कंपनीचा हक्क नाही, असं कंपनीच्या सहीशिक्क्याचं पत्र.

“कंपनीला काय पडलंय त्याचं?” मी म्हटलं.

“आज न्हाय पडलेलं. म्हणून आजच सही घे.”

माझ्या साहेबांनी चहा पिता पिता न वाचता सही केली. हा म्हातारा उगाच वेळ घालवतो असं तेव्हा मला मनापासून वाटलं होतं.

त्याच खोलीत त्यांनी मला भिंतीची गोष्ट सांगितली. त्यांच्या कंपनीत प्रत्येक नकाशावर शिक्का असायचा. एक ‘केवळ माहितीसाठी’, दुसरा ‘बांधकामासाठी मंजूर’. एकदा घाई होती, मुकादमाने माहितीसाठीच्या नकाशावरूनच भिंत उभी केली. आठवड्याने मंजूर नकाशा आला, त्यात भिंत दोन मीटर पलीकडे होती. पाडावी लागली. पाडताना एक मजूर जखमी झाला, त्यांच्याच खोलीत राहणारा, शेजारच्या गावचा. “नकाशा मीच दिला होता त्याला,” चाचा म्हणाले. “माहितीसाठी म्हणून दिला, पण दिला ना? त्याचा पाय पुढे कधी नीट झाला न्हाय. तेव्हापासून माझी जीभ कडू झाली बघ. मसुद्यावर बांधायचं न्हाय.”

हे वाक्य ते दर आठवड्याला एकदा तरी म्हणत. आमच्या कामात त्याला नेमका अर्थ होता. वेबपानं कशी लिहायची आणि ब्राउझरने ती कशी दाखवायची, याचे नियम जगभरच्या कंपन्या आणि जाणकार एका समितीत बसून ठरवतात. त्यांना मानकं म्हणतात. मानक पक्कं व्हायला वर्षं लागतात. तोवर त्याचा मसुदा सगळ्यांना वाचायला खुला असतो, आणि मोठ्या कंपन्या घाईने तो आपल्या ब्राउझरमध्ये घालूनही टाकतात. मसुदा उद्या बदलू शकतो ही एक अडचण. दुसरी अडचण मला चाचांनी समजावली. समितीतल्या कंपन्या आपापली पेटंटं त्या मानकापुरती सगळ्यांना मोफत वापरू द्यायचं वचन देतात, पण ते वचन लागू होतं मानक पक्कं झाल्यावर. त्याआधी एखादी कंपनी समितीतून उठून गेली तर पेटंट घेऊन जाते. मोठ्यांचं काही बिघडत नाही. त्यांच्याकडे वकील असतात, स्वतःची पेटंटं असतात, देवाणघेवाण होते. “आपल्याकडे काय हाय?” चाचा विचारत. “प्रत्येक प्रतीमागे फी मागितली तर आपल्या प्रती किती, त्या कुणाकडे, हे आपल्याला तरी ठाऊक हाय का?”

मी मान डोलवायचे. पटलेलं नसायचं.

मग रेवदंड्याचा प्रसंग आला. तिथल्या मच्छीमार सोसायटीचं ऑफिस सुगंधाताई सांभाळत. सोसायटीचे दोन्ही कॉम्प्युटर जुने, दोन्हीवर गलबत. एका सकाळी त्यांचा फोन आला.

“अगो, परवान्याचा अर्ज जातच न्हाय. पान उघडतंय, पण होडीचा फोटो टाकायचा तिथं नुसता पांढरा चौकोन. लोक रांगेत उभे हायेत.”

मी पाहिलं. होड्यांच्या परवान्याचं पान अलिबागच्या सरकारी कार्यालयाने नवं करून घेतलं होतं. फोटो घ्यायचा, पानावरच कापून होडीचा नंबर दिसेल एवढा ठेवायचा, अशी नवी सोय त्यात होती. ती एका मसुद्यातली होती. मोठ्या ब्राउझरमध्ये चालत होती, आमच्याकडे नव्हती. मुदत महिनाभराची. परवाना नसला तर होडी किनाऱ्यावर.

मी चाचांना सांगितलं की मी ही सोय चार दिवसांत लिहू शकते. ते म्हणाले, “लिहू नको. पान दुरुस्त करून घेऊ. साधा फाइल निवडायचा रकाना खाली दिला की झालं. मी अलिबागला जाऊन सांगतो.”

मला हसू आलं. सरकारी पान म्हसळ्याचा एक म्हातारा एस.टी.ने जाऊन बदलून आणणार! मी सगळ्यांना लिहिलं की लोकांची पोटं थांबलेली आहेत आणि आपण कागद बघत बसलोय. चाचांनी आमच्या जाहीर चर्चेत सविस्तर उत्तर लिहिलं: हा मसुदा आहे, यात अमुक भागावर एका कंपनीचं पेटंट असण्याची शक्यता आहे, ती कंपनी समितीत नाराज आहे, थांबावं. मत घेतलं. बाकीचे माझ्या बाजूने गेले. हिशेबी, शांत स्वभावाची मार्टासुद्धा. ती युरोपातल्या एका लहान गावात शाळेत शिकवायची आणि गलबत जिथून उतरवून घेतलं जाई तो सर्व्हर तिच्या नावावर होता.

चार दिवसांत नवी आवृत्ती निघाली. सुगंधाताईंनी पहिला अर्ज भरला आणि मला फोनवर मागचा गलका ऐकवला. मी इतकी खूश होते की चाचांना फोन केलाच नाही.

सात महिन्यांनी मार्टाचं पत्र आलं. ती कंपनी समितीतून बाहेर पडली होती आणि तिच्या वकिलांची नोटीस मार्टाच्या घरी पोचली होती. पेटंटचा भंग. आणि मुद्दाम केलेला भंग, कारण ‘तुमच्याच एका सदस्याने तुम्हाला लेखी इशारा दिला होता’. खाली चाचांचं पत्र शब्दन् शब्द उतरवलेलं होतं, म्हसळा आणि वारासकट.

मार्टाने शेवटी लिहिलं होतं, ‘माझं घर माझ्या नावावर आहे. मला झोप लागत नाही.’

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून म्हसळ्याला गेले. वाटभर मनात जुळवत होते की ते काय म्हणतील. मी सांगितलं होतं, असं म्हणायचा पुरा हक्क त्यांना होता. मी माफी मागायची हेही ठरवून ठेवलं होतं.

ते ओट्यावर बसले होते, हातात नोटिशीची छापील प्रत. मला पाहून उठलेसुद्धा नाहीत.

“माझंच पत्र,” ते म्हणाले. “बाय, सव्वीस वर्षं मी लोकांना सांगितलं, लिहून ठेवा, लिहिलेलं वाचवतं. आणि माझ्याच लिहिण्याने त्या पोरीच्या गळ्याला फास लागला.”

“चाचा, चूक माझी आहे. कोड मी लिहिला.”

“तुझी चूक कोडात. माझी चूक चव्हाट्यावर बोलण्यात. वकिलाला विचारायची गोष्ट मी बाजारात विचारली.”

मी रडले. मग आतून चाचींनी गवती चहा पाठवला, तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “पी. नंतर मोटारीचा टाइम हाय. मुंबईला जायचंय.”

चाचांच्या ओळखीतल्या ओळखीतून एक वकीलबाई सापडल्या होत्या. त्यांनी सगळं वाचून सांगितलं की आपल्याकडे असा दावा टिकणं अवघड, पण मार्टाच्या देशाचं सांगता येत नाही. सोय ताबडतोब काढा, भांडण करू नका, जाहीर चर्चा बंद करा, उत्तर दोन ओळींचं द्या. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्ही नोकरी करता ना? कंपनीने हक्क सांगितला तर तीही यात ओढली जाईल, आणि मग तुमची नोकरी राहायची नाही.” मी काही बोलायच्या आत चाचांनी पिशवीतून माझी फाइल काढली आणि साहेबांच्या सहीचा तो कागद टेबलावर ठेवला. वकीलबाईंनी तो दोनदा वाचला. “हा कुणी सुचवला?” चाचा खिडकीबाहेर बघत होते.

सोय मी त्याच दिवशी काढली. उत्तराखाली सही कुणाची, हा प्रश्न आला तेव्हा चाचा म्हणाले, “माझी. कागद तपासायचं काम माझं होतं, तपासणी कमी पडली.” मी विरोध केला. ते एवढंच म्हणाले, “मला नोकरी न्हाय, घर बायकोच्या नावावर हाय. तू गप बस.”

आता रेवदंड्याचं काय? सोय काढली म्हणजे पांढरा चौकोन परत आला. नव्या होड्यांचे अर्ज येतच होते. आणि इथे मला कळलं की चाचा मधल्या काळात अलिबागला जाऊन आले होते. मत त्यांच्या विरोधात गेल्यावरही. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा साहेब भेटले नाहीत. दुसऱ्यांदा सांगितलं, पान कंत्राटदाराने केलंय. तिसऱ्यांदा ते कंत्राटदाराकडच्या प्रोग्रामरलाच भेटले, आणि त्याला काही कायदा वगैरे सांगितला नाही. त्याच्यासमोर गलबतची आधीची आवृत्ती असलेला जुना लॅपटॉप उघडून ठेवला आणि म्हणाले, “तुझं पान तूच भरून दाखव.” त्याने पाच मिनिटं खटपट केली, ओशाळला, आणि खाली एक साधा रकाना जोडायचं कबूल केलं. मग ते काम कुठेतरी अडकून पडलं. आता चाचा चौथ्यांदा गेले, सुगंधाताईंना बरोबर घेऊन. सुगंधाताई मला नंतर सांगत होत्या, “मी तोंड उघडणार तर म्हणाले, ताई, भांडू नका, नुसत्या बसा. बसलो मग दोघं. जेवणाची सुट्टी झाली, संपली, आम्ही आपले बसलेलेच.” संध्याकाळपर्यंत रकाना पानावर आला. तो कुठल्याही ब्राउझरवर चालत होता. जे काम एस.टी.च्या चार तिकिटांत होण्यासारखं होतं, त्यासाठी मी मार्टाचं घर पणाला लावलं होतं.

नोटिशीवर पुढे काही झालं नाही. चार महिन्यांनी वकिलांचं पत्र आलं की सोय काढल्याची नोंद घेतली आहे. बस. पण मार्टा आमच्यातून गेली. ती रागावली नव्हती, थकली होती. तिने सर्व्हर दुसऱ्यांच्या हवाली केला आणि आम्हा सगळ्यांना प्रेमाने निरोप दिला. तिच्याबद्दल चाचा शेवटपर्यंत ‘आपली मास्तरीण’ असं म्हणत. दर ईदला तिला पोस्टाने कार्ड जाई.

त्यानंतर चाचा जरा जास्तच घाबरट झाले, हेही सांगायला हवं. पुढे एक मानक पुरतं पक्कं झालं, समितीचा शेवटचा शिक्का बसला, तरी ते होकार देईनात. अजून दोन महिने बघू, अजून एक महिना. तेवढ्यात श्रीवर्धनकडच्या एका शाळेने गलबत काढून टाकलं, कारण मुलांच्या अभ्यासाची पानं त्यात वेडीवाकडी दिसत. मी त्यांना फोनवर सुनावलं, “चाचा, आता नकाशा मंजूर झालाय. मंजूर नकाशावर न बांधणं हीसुद्धा चूकच.”

ते म्हणाले, “भीती माझी होती, नुकसान त्या पोरांचं झालं. बांध.”

ते दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेत गेले, मुख्याध्यापकांची माफी मागितली आणि नव्या आवृत्तीची प्रत देऊन आले. शाळा काही परत आली नाही. त्यांनी तेही मला सरळ सांगितलं.

आणि तो फोटो कापायचा मसुदा? समितीने वर्षभरात तो भागच बदलला. नावं बदलली, पद्धत बदलली, त्या कंपनीचं पेटंट जिथे आडवं येत होतं तो तुकडा वगळला. मी घाईने लिहिलेलं सगळं तसंही टाकाऊ झालं असतं. तीन वर्षांनी मानक पक्कं झालं तेव्हा मी ते नव्याने लिहिलं. शांतपणे, आठ दिवस घेऊन. आज माझ्याकडे नवी मुलंमुली काम शिकायला येतात, एखादी म्हणते, “ताई, सगळ्यांनी घातलंय, आपणही घालू.” मी तिला आधी विचारते, हे न घालता त्या माणसाचं काम होईल का? हा प्रश्न माझा नाही. पण आता तो मलाच सुचल्यासारखा येतो, आणि तेवढ्यापुरती मी बरी माणूस असते.

चाचा मागच्या हिवाळ्यात गेले. दोन दिवस ताप, मग काही नाही. त्यांच्या मुलीने मला कळवलं, मी पोचेपर्यंत दफन झालं होतं. चाचींनी मला जवळ बसवून घेतलं आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते दिघीच्या धक्क्यावर. नवी आवृत्ती घेऊन मी रेवदंड्याला निघाले होते, आणि त्यांना दिघीत कुणाच्या साखरपुड्याला जायचं होतं, म्हणून म्हसळ्याहून रिक्षाने बरोबर आले. सकाळचे अकरा वाजले असतील. आगरदांड्याला जाणारी फेरीबोट लागलेलीच होती. गाड्या चढत होत्या, मी धावत चढले आणि वरच्या कठड्याशी उभी राहिले. बोट सुटली तशी मला एकाएकी जाणवलं की इतक्या वर्षांत मी त्यांचे एकदाही नीट आभार मानलेले नाहीत. मी तोंडाशी हात धरून ओरडले, “चाचा, तुमचे फार उपकार आहेत!”

इंजिनचा आवाज मोठा होता. त्यांनी कानामागे हात नेला. मी पुन्हा ओरडले. त्यांना काय ऐकू आलं देव जाणे. त्यांनी दोन्ही हातांनी मला खाली बसायची खूण केली आणि गळा ताणून म्हणाले, “कठड्यापासून मागे हो! पोचल्यावर जेव आधी!”

मग धक्क्यावर एक बाई बांगड्यांची पाटी घेऊन बसली होती, तिच्याकडे ते वळले. साखरपुड्याचे पांढरेशुभ्र कपडे सावरत तिच्यासमोर उकिडवे बसले आणि एकेक मासा उचलून त्याचे कल्ले उघडून बघू लागले.